न वाकणारी रेघ

१

माझा नवरा घण मारतो आणि मी ऐकते. आमच्या धंद्याचं वर्णन एवढंच, आणि संसाराचंही, असं तो पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात. मी हसायचं कधीच सोडलंय.

घर उभं आहे, पण त्याचा पाया किती खोल गेलाय ते कुणालाच माहीत नाही, नकाशे हरवलेत आणि खणून बघायची सोय नाही, अशा वेळी आम्हाला बोलावतात. कॉलमला अगदी लागून जमिनीत बारीक बोअर मारायची, तिच्यात पाइप बसवायचा आणि पाइप काठोकाठ पाण्याने भरायचा. मग वायरच्या टोकाचा सेन्सर, ज्याला आम्ही 'कान' म्हणतो, तो तळापर्यंत सोडायचा. नवरा वर कॉलमला घण मारतो. मी कान थोडा थोडा वर ओढत जाते आणि ठोका तिथवर पोचायला किती वेळ लागला ते टिपते. शेजारी पाया असेल तोवर आवाज काँक्रीटमधून पळत येतो. पाया संपला की त्याला मातीतून वाट काढावी लागते आणि तो रेंगाळतो. स्क्रीनवर एक सरळ रेघ तयार होते आणि एका जागी वाकते. जिथे वाकली, तिथे पाया संपला. आमचं पोट त्या वाकण्यावर चालतं.

काम सुरू करण्याआधी घर शांत करायचं असतं. पंप बंद, फ्रिज बंद, पंखे बंद आणि माणसं अंगणात. चालणाऱ्या माणसाची पावलं रेघेत येतात. एखादं आजारी, म्हातारं माणूस आत नुसतं पडून असेल, तर मात्र आम्ही त्याला उठवत नाही. जो हलत नाही तो आमच्या यंत्राच्या लेखी नसतोच. हे वाक्य मी इतक्या घरांत बोललेय की त्यात काही चुकीचं असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

२

त्या घरी पोचलो तेव्हा मालक फाटकाशीच उभा होता. धंद्याने टेलर. पुढच्या खोलीत दुकान, मागे राहतं घर, वर गच्ची. शेजारच्या प्लॉटवर मोठी इमारत होणार होती आणि तिच्या तळघरांसाठी तीनमजली खड्डा खणायचा होता. टेलरचा पाया उथळ निघाला, तर खणण्याआधी घर रिकामं करावं लागणार होतं. बिल्डर त्याला दुसरीकडे जागा देणार होता. सगळं आमच्या आकड्यावर अडलं होतं.

"पाच फूट आहे," टेलर म्हणाला. "काँक्रीट ओतलं तेव्हा मी इथेच उभा होतो. तुम्ही पाचच लिहा, मॅडम."

मला नवल वाटलं. आकडा वाढवून लिहा म्हणून लोक आमच्या पाया पडतात. घर नापास करा म्हणणारा हा पहिलाच भेटला होता.

"यंत्र सांगेल ते लिहीन, दादा," मी म्हटलं. माझा स्वभाव तसा तुसडाच आहे.

त्याने गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला तिला इथून बाहेर काढायचंय हो. मुलीला मातीत ठेवून आलो त्याला तीन वर्षं झाली. त्या दिवसापासून ती पोरीच्या खोलीतून हललेली नाही. डॉक्टर झाले, तिची बहीण येऊन रडून गेली. घरच जाणार म्हटल्यावर तरी उठेल. उठायलाच लागेल तिला. नाहीतर मी आता कशाच्या जोरावर..."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. विचारलं, "वहिनी आता कुठे आहेत?"

"आतच. बसून असते. आवाज नाही करत काही."

"बसून असतील तर चालेल," मी म्हटलं.

३

बोअर मुलीच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या कॉलमशी मारलेली होती, कारण खड्डा त्याच बाजूला होणार होता. चाळीस फुटी पाइप होता. नवऱ्याने घण उचलला, मी मान हलवली आणि काम सुरू झालं.

रेघ वाकली नाही.

तळापासून वरपर्यंत ती फुटपट्टीने मारल्यासारखी सरळ आली. म्हणजे काय, तर चाळीस फुटांपर्यंत माती नव्हतीच. एका टेलरच्या बैठ्या घराचा पाया आमच्या पाइपच्याही खाली गेला होता.

"भारी बांधलंय," नवरा म्हणाला. "वरती वीस मजले चढवायला सांग त्याला."

"मारा पुन्हा."

पुन्हा मारलं. मी वायर बांधून घेतली, ती पाइपला घासत असेल म्हणून. पाणी बदललं. दुसरा कान लावला. दुकानातलं घड्याळसुद्धा बंद करायला लावलं. रेघ सरळच. मग दुसऱ्या टोकाच्या कॉलमशी बोअरवाल्याकडून आणखी एक बोअर मारून पाइप घालून घेतला आणि तिथे मोजलं. पाच फुटांवर रेघ स्पष्ट वाकली. टेलर म्हणत होता तेच खरं होतं.

"खाली जुनी विहीर असणार," नवरा घाम पुसत म्हणाला. "दगडगोटे टाकून बुजवलेली. वर घर बांधलं. संपला विषय."

हे मला पटलं. पटवून घेतलं असं म्हणते. पण विहीर कशाने बुजवलीय ते रेघेच्या उतारावरून कळतं. काँक्रीटचा वेग वेगळा, दगडाचा वेगळा, मातीचा तर फारच वेगळा. मी त्या सरळ रेघेचा वेग काढला. तो यातल्या कशाचाच नव्हता. काँक्रीटपेक्षा मऊ आणि मातीपेक्षा कितीतरी घट्ट असं काहीतरी तिथे सलग खाली गेलं होतं, कुठेही तुटलेलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात असा वेग मी कधी मोजला नव्हता. मी नवऱ्याला सांगितलं नाही. त्याने मला चष्मा बदलायला सांगितलं असतं.

४

कॉलम आतून बघायचा म्हणून मी त्या खोलीत गेले.

खोली लहान आणि फार स्वच्छ होती. खिडकीतून शेजारचा मोकळा प्लॉट दिसत होता. भिंतीला लागून लहान पलंग, त्यावर घडी घातलेली चादर. खुंटीवर एक निळा फ्रॉक टांगलेला. त्याच्या खालच्या शिवणीत कापड भरपूर दुमडून ठेवलेलं होतं, पोर वाढेल तसं उसवून लांब करायला. बापानेच शिवलेला असणार. ती दुमड कधी उसवली गेली नव्हती.

टेलरची बायको पलंगाच्या कडेवर बसली होती, कॉलमच्या अगदी जवळ. वाळलेली, चाळिशीतली बाई. दोन्ही हात मांडीवर, अनवाणी पावलं फरशीवर सपाट टेकलेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओळखीचं माणूस यावं तशी हसली.

"तुम्हीच का, ताई, ते ठोकताय?"

"माझे मिस्टर. त्रास होत असेल ना आवाजाचा?"

"नाही. उलट बरं झालं तुम्ही आलात." तिचा आवाज साधा, रोजचा होता. वेडसरपणाची मला जी भीती होती ती त्यात नव्हती. "आवाजाने दिशा कळते. खाली फार अंधार असतो हो. मी उगाच भलतीकडे जात होते इतके दिवस."

दुःखाने माणसं असं बोलतात. माझी आई वडिलांच्या मागे वर्षभर त्यांचं ताट वाढत होती.

"वहिनी, जरा अंगणात येता का? पाच मिनिटं. दादा किती काळजीत आहेत."

"येते ना. त्यांना सांगा, येतेच. थोडंच राहिलंय." तिने जमिनीकडे बघितलं. "लहान आहे ती. तिला अजून एकटं झोपायची सवय नाही."

बाहेर नवऱ्याने घण पारखायला एक हलका ठोका मारला. तिचे डोळे मिटले, आणि तिने मान किंचित डावीकडे वळवली, हाक आली की माणूस वळवतं तशी.

पलंगाखाली तिच्या चपला होत्या. मी गुडघ्यावर बसले. म्हटलं, चपला घालून दिल्या तर उठेल. मुलांना असंच उठवावं लागतं. मी तिची उजवी टाच हातात धरून हळूच वर उचलली.

टाच थोडी वर आली. तिच्यासोबत फरशीही आली.

तुटली नाही, आवाज झाला नाही. शिवलेलं कापड चिमटीत धरून उचलावं तशी फरशी तळव्याला धरून वर आली, आणि माझ्या मागे कॉलममध्ये काहीतरी बारीक कुरकुरलं. मी हात सोडला. टाच खाली गेली आणि फरशी पुन्हा सपाट झाली. सांध्यातलं सिमेंटसुद्धा जसंच्या तसं होतं.

"नका ओढू, ताई," ती न रागावता म्हणाली. "दुखतं."

५

अंगणात येऊन मी तांब्याभर पाणी प्यायले. फरशी पोकळ असेल, उन्हाने तापून सुटली असेल, मी दमले होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. ही सगळी कारणं मी स्वतःला दिली आणि एकेक करून ती सगळी मला चांगली वाटली.

"आज बंद करू या," मी नवऱ्याला म्हटलं.

"आकडा न देता?"

टेलर दुकानाच्या पायरीवर बसून आमच्याकडेच बघत होता. त्याचा जीव टांगणीला लागला होता. चाळीस फूट लिहिलं, तर घर पास होणार, ती तिथेच बसून राहणार आणि हा माणूस पुढच्या खोलीत दुसऱ्यांच्या पोरींचे फ्रॉक शिवत म्हातारा होणार. आपण ठोके मारून तिला मदत करतोय, हेही मनात आलं. मला आज वाटतं, तेव्हाच यंत्र गुंडाळायला हवं होतं. पण रेघ नीट येत नसेल तर आमच्या कामात एकच उपाय असतो, आणखी ठोके मारायचे.

"एकदा शेवटचं," मी म्हटलं.

कान तळाला सोडला. नवऱ्याने ठोका मारला. स्क्रीनवर आकडा आला आणि मी तो दोनदा वाचला. तळाला आवाज सगळ्यात उशिरा यायला हवा. तो सगळ्यात आधी आला होता. वरून नव्हता आला तो. तो खालूनच, पाइपच्या अगदी जवळून आला होता.

"थांबू?" नवऱ्याने विचारलं. माझं तोंड बघून त्याने घण खाली ठेवला होता.

मी उत्तर देण्याआधी आतून आवाज आला. रडण्याचा नव्हता. झोपलेलं मूल उचलून खांद्यावर घेताना आई ओठांनी करते तो, "श्श, श्श" असा. तो मला खोलीच्या खिडकीतून ऐकू आला. कानाच्या वायरीला जोडलेले हेडफोन माझ्या गळ्यात होते, त्यांतूनही आला.

मग दाराची कडी वाजली, आणि टेलरची बायको बाहेर आली.

६

ती पायऱ्या उतरून अंगणात आली तेव्हा टेलर उठून उभा राहिला, पण पुढे झाला नाही. आपण पुढे झालो तर ती परत फिरेल असं त्याला वाटलं असावं. तीच त्याच्याजवळ गेली.

"चला," ती म्हणाली. "कुठे जायचं ते."

टेलर लहान मुलासारखा हमसून रडला. मग हसला, मग आमच्याकडे बघून उगीचच मान हलवत राहिला. माझ्या नवऱ्याने पाठ फिरवली आणि नाक शिंकरलं. मीही रडले, खोटं कशाला सांगू. मला खूप बरं वाटलं. फरशी, वेग, तो आकडा, सगळं मी त्या क्षणी सोडून दिलं. एक बाई तीन वर्षांनी उन्हात उभी होती आणि तिचा नवरा तिच्या केसांवरून हात फिरवत होता. याच्यापुढे कसली रेघ आणि कसलं काय.

"आता घर रिकामं आहे," नवरा माझ्या कानाशी म्हणाला. "चटकन घेऊन टाक. पाच येतील, त्यांचंही काम होईल."

आम्ही मोजलं. घण पडत होता तेव्हा मी तिच्याकडे बघत होते. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, हसऱ्या चेहऱ्याने. ठोका पडला की अंगणात सगळेच जरा दचकत. ती नाही. पाइपच्या आजूबाजूला पाणी सांडून चिखल झाला होता आणि ती अनवाणी त्याच्यातून चालत आली होती. तिची पावलं कोरडी होती. चिखलात आमच्या चपलांचे ठसे होते, तिचे नव्हते.

रेघ पूर्ण झाली. पाच फुटांवर वाकली नाही. दहावर नाही, वीसवर नाही. पार तळापर्यंत ती सरळ गेली होती, आणि आता तिच्या शेजारून, तिला लगटून, दुसरी एक बारीक रेघ होती.

"किती आलं, मॅडम?" टेलरने विचारलं.

त्याने बायकोचा हात धरला होता. नवी जागा कुठल्या मजल्यावर आहे, खिडक्या कुठल्या बाजूला आहेत ते तो तिला सांगत होता, आणि ती प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होती. प्रत्येक वेळी अगदी सारखंच "हो". खरं सांगायचं तर मला सांगावं लागलं असतं की, दादा, वहिनी बाहेर आलेल्या नाहीत.

"पाच," मी म्हटलं.

"सांगितलं नव्हतं मी?" तो म्हणाला, आणि पुन्हा रडायला लागला.

अहवालातही मी पाचच लिहिलं. खाली जोडलं की, त्या कोपऱ्याच्या खाली जुनी विहीर असल्याचा संशय आहे, तिथे खणू नये, तेवढा तुकडा कायमचा सोडून द्यावा. बिल्डरचा माणूस भांडायला आला होता. मी त्याला विहिरीबद्दल इतकं बारकाईने खोटं सांगितलं की नवरा बघतच राहिला. शेवटी तेवढी जागा त्यांनी सोडली.

७

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी टेलर आणि त्याची बायको आमच्या समोरच रिक्षाने तिच्या बहिणीकडे गेले. सामान उद्या नेऊ म्हणाला. रिक्षात बसताना त्याने तिला आधार दिला आणि मग चकित होऊन म्हणाला, "किती हलकी झालीस गं." ती त्याच्याकडे बघून हसली. तो सुखात होता. मी त्याला इतका सुखात बघितला, हे मला नेहमी आठवावं लागतं, नाहीतर झोप लागत नाही.

काम झालं की पाइप सिमेंटने बुजवायचा हा आमचा नियम. नवऱ्याने पाटीत सिमेंट कालवायला घेतलं. मी म्हटलं, "राहू द्या."

"अगं, उघडा कसा ठेवायचा?"

"राहू द्या म्हणते ना."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. आमच्या लग्नाला तीस वर्षं झालीत. त्याने पाटी बाजूला ठेवली, घण उचलला आणि तो गाडीत जाऊन बसला.

मी पाइपशी वाकले. काठापर्यंत पाणी, त्यात थोडं आकाश दिसत होतं. एवढ्या खाली माणसाचा आवाज पोचत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तरी मी तोंड अगदी पाण्याजवळ नेलं. आपण घरात कुणी झोपलेलं असताना बोलतो तसं हळू बोलले.

"वहिनी, दादा गेले. बरे आहेत. त्यांना कळलं नाही."

पाणी हळूहळू खाली गेलं, चांगलं वीतभर. तसंच थांबलं. मग तितकंच हळू वर आलं आणि काठावरून माझ्या हातावर सांडलं. ते कोमट होतं.